आधी पोच घ्यायला शिकव

अंबरनाथ (पूर्व)

प्रिय मुग्धा,


शाळेत मंत्रिमंडळ निवडलंत, मतपेटी केलीत, बोटांना शाई लावलीत, हे वाचून गंमत वाटली. पण निवडून आलेल्या स्वच्छता मंत्र्याच्या हाती काय दिलंत? केराची टोपली!

सहावीच्या नागरिकशास्त्रात महापालिका येते. मुलं ती पाठ करतात आणि गुण मिळवतात. त्यापेक्षा त्यांना वालधुनी दाखव. इथे 1060 सालच्या शिवमंदिराजवळून वाहत तुमच्या उल्हासनगरात पोचेपर्यंत तिला नदी म्हणवत नाही. नोव्हेंबर 2014 मध्ये तिच्यात टँकरने रसायन ओतलं आणि काठावरच्या शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. याची तक्रार कुणाकडे करायची, विचार त्यांना. अंबरनाथ नगरपरिषद, उल्हासनगर महापालिका, एमआयडीसी की प्रदूषण नियंत्रण मंडळ? वर्गात भांडण लागेल, लागू दे. मग अर्ज लिहून घे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक पडल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, हे बजावून सांग. उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार आहेच: दहा रुपये, तीस दिवस, आणि वयाची अट नाही. गांधीजींना राष्ट्रपिता ही पदवी कधी दिली, एवढंच विचारून लखनौच्या एका शाळकरी मुलीने 2012 मध्ये दिल्लीतल्या कचेऱ्यांची धावपळ उडवली होती.

मात्र पहिला अर्ज नदीचा नको. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या तुटक्या कडीचा असू दे, आणि तोही मुख्याध्यापिकांच्या नावे. घोडं इथेच पेंड खाईल. महापालिकेवर मुलांनी टीका केली तर शाळेला कौतुक वाटतं, शाळेवर केली की तो उद्धटपणा! 20 ऑगस्ट 2024 ला बदलापुरात शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचारावरून लोक तासन्तास रुळांवर बसले, तेव्हा नावं ठेवणारे पुष्कळ निघाले. त्याआधी त्या चिमुरड्यांच्या पालकांना पोलीस ठाण्यात किती ताटकळत बसवलं, ते सोयीस्करपणे विसरायचं. शाळाशाळांत सखी सावित्री समिती नेमा, असं सरकारने 2022 मध्येच सांगितलं होतं. तुमच्याकडे ती आहे का? तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे असते, हे तुझ्या वर्गातल्या किती मुलींना ठाऊक आहे?

मुख्याध्यापिका कडी बसवून देतील आणि अर्ज मागे घ्या म्हणतील. कडी बसवून घे, अर्ज राहू दे. मुलांना लेखी उत्तर मिळायला हवं. केंद्रप्रमुख विचारणा करतीलही, म्हणून शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना आधी विश्वासात घेऊन ठेव. कायद्याने तिथे तीन-चतुर्थांश जागा त्यांच्याच आहेत.

तुझा,
मामा