वाद्याची सोबत

शासनदरबारीं आतां अहिल्यानगर झालें असलें, तरी आमच्या तोंडीं 'नगर'च बसलेलें आहे. या नगराहून दौंडकडे जाणाऱ्या रस्त्यावर अरणगांवापाशीं मेहेरबाबांची समाधि आहे. गेल्या ३१ जानेवारीस, अमरतिथीच्या मेळाव्यास, आम्ही पुतण्यासह तेथें गेलों होतों. भक्तिभावापेक्षां देशोदेशींचीं माणसें पाहण्याचें कुतूहल अधिक, हें कबूल केलें पाहिजे. एक वृद्ध परदेशी पाहुणा गिटारीवर संथ सुरांत गात होता. गाणें कोणाचें, असें पुतण्यानें विचारतां तो म्हणाला, "रॉनी लेन याचें. तोहि बाबांचाच."

रात्रीं पुतण्यानें त्या लेनची सारी हकीकत शोधून आम्हांस सांगितली. १ एप्रिल १९४६ रोजीं लंडनच्या पूर्व भागांत, मालमोटार हांकणाऱ्या बापाच्या घरीं तो जन्मला. वाद्य शीक, म्हणजे सोबतीची उणीव भासणार नाहीं, असें बाप त्याला सांगे. १९६५ सालीं स्टीव्ह मॅरियटप्रभृति सवंगड्यांसह त्यानें 'स्मॉल फेसेस' हा रॉक वाद्यवृंद उभारला. लेन खर्जाची गिटार वाजवी व गाणीं रची. १९६९ सालीं मॅरियट निघून गेला. रॉड स्टुअर्ट व रॉन वुड आले आणि वृंद 'फेसेस' या नांवानें गाजूं लागला. ऐन भरभराटींत, १९७३ सालीं, लेननें तो सोडला. वेल्सच्या सीमेवर शेती धरली आणि पुढल्याच वर्षीं तंबू व गाड्या घेऊन गांवोगांव खेळ करीत तो निघाला.

आमच्या जिल्ह्यांतल्या जत्रांतून तमाशाचे फड पाहिलेल्या वाचकांस हें चित्र परकें वाटणार नाहीं. कित्येक फडमालकांचें होतें, तेंच लेनचें झालें. खर्च भागेना, खेळ बुडाला.

त्याहून मोठा घाला पुढें पडला. मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा विकार त्याला जडला. आईलाहि तोच होता. या रोगांत शरीराचीच रक्षकशक्ति मज्जातंतूंवरील आवरणावर उलटते, आणि हातपाय हळूहळू हुकूम मानीनासे होतात. ज्या बोटांवर सोबतीची भिस्त, तींच दगा देऊं लागलीं.

सोबत मात्र सुटली नाहीं. सप्टेंबर १९८३ मध्यें लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्यें एरिक क्लॅप्टन, जेफ बेक, जिमी पेज असे नामांकित वादक त्या रोगाच्या कार्यास पैसा मिळावा म्हणून एकत्र जमले. लेनहि त्यांत गाइला. ४ जून १९९७ रोजीं अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्यांत, वयाच्या ५१ व्या वर्षीं, त्याचा अंत झाला.

पुतण्या येथें थांबला. त्याची स्वतःची गिटार, परीक्षेचें निमित्त करून, आम्हींच वर्षापूर्वीं माळ्यावर टाकली होती. कॉलेज सोडून मित्रांच्या वृंदांत जाण्याचा त्याचा विचार आम्हांस मान्य नव्हता, आजहि नाहीं. बुडालेल्या तंबूचा दाखला आम्ही देणारच होतों. परंतु त्या बापाचें बोलणें आडवें आलें. मुलाच्या पोटाची तरतूद करणें हें आपलें कर्तव्य, हें आम्ही जाणत होतों; तो एकटा पडेल त्या दिवसाची तरतूद आम्हीं हिशेबांत धरलीच नव्हती.

आम्हीं शिडी मागविली. वहिनींनीं पदरानें धूळ पुसली. पदवी पुरी करावी लागेल, एवढें आम्हीं बजावलें. तो मान हालवून म्हणाला, "काका, एक तार तुटली आहे."

दुसऱ्या दिवशीं तार आणावयास बाजारांत आम्हीच गेलों.