घरचं केलेलं

अमेरिकेतल्या मोठ्या सणांमध्ये हॅलोविनला तेवढं स्वयंपाकघर लागत नाही. थँक्सगिव्हिंगला टर्की भाजतात, नाताळला घरोघर कुकीजचे घाणे निघतात, चार जुलैला अंगणात शेगडी पेटते. एकतीस ऑक्टोबरला मात्र दुकानातून गोळ्या-चॉकलेटांच्या पिशव्या आणायच्या, टोपलीत ओतायच्या आणि घंटा वाजली की दार उघडायचं. झाला सण. होळीला पोळी, चतुर्थीला मोदक, संक्रांतीला गूळपोळी अशा हिशेबात वाढलेल्या माझ्यासारखीला हे फार दिवस पचलं नाही. आमच्याकडे पितृपक्षातसुद्धा पदार्थ ठरलेले असतात. ज्या दिवशी काही शिजत नाही तो सण कसला, असं मला वाटायचं. खरं सांगायचं तर अजूनही वाटतं.

म्हणून आमच्या घरी त्या दिवशी सकाळी भोपळ्याचे पॅनकेक होतात. सकाळीच, कारण हॅलोविनला सुट्टी नसते. शाळा असते, ऑफिस असतं. संध्याकाळी पाचला मुलं सोंगं घेऊन जी बाहेर पडतात ती आठापर्यंत घरात येत नाहीत. (दारोदार फिरण्याची ही वेळ इथे नगरपालिका जाहीर करते, आणि आश्चर्य म्हणजे लोक ती पाळतात.) परत येतात तेव्हा पोटात इतकी साखर गेलेली असते की वरण-भाताचं नाव काढायची सोय नाही. चौघं एका टेबलाशी सापडायची ती शाळेची बस यायच्या आधी, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस इथे तेव्हा अजून अंधार असतो.

आम्ही इलिनॉयमध्ये पिओरियाला राहतो. कॅटरपिलरच्या पिवळ्या यंत्रांनी आमच्यासारख्या पुष्कळ घरांना या गावात आणलं. नदी ओलांडून थोडं पुढे गेलं की मॉर्टन लागतं. हे गाव स्वतःला जगाची भोपळ्याची राजधानी म्हणवतं, आणि ही बढाई पोकळ नाही. अमेरिकेत डबाबंद होऊन विकला जाणारा बहुतांश भोपळा इथल्या एका कारखान्यातून बाहेर पडतो, आणि तो पिकतोही आजूबाजूच्याच शिवारात. २००९ साली कापणीच्या वेळी इतका पाऊस झाला की ट्रॅक्टर चिखलात रुतायला लागले, पीक शेतातच सोडून द्यावं लागलं आणि देशभरच्या दुकानांत डबे मिळेनासे झाले. एका तालुक्याएवढ्या मुलखात पाऊस लांबला म्हणून हजारो मैलांवरच्या घरांमधली पाई अडली. नाशिककडे पाऊस पडला की देशभर कांद्याची चर्चा सुरू होते, ते बघितलेल्या माणसाला यात नवल वाटायला नको.

आता या डब्यातल्या भोपळ्याची एक गंमत. हॅलोविन म्हटलं की डोळ्यांपुढे जो गोल, भगवा, रेघारेघांचा भोपळा येतो, तो डब्यात नसतो. तो कोरण्यासाठी पिकवलेला. साल बेताची, आतून पोकळ, गर पाणचट आणि दोऱ्या-दोऱ्यांचा. दिसायला राजबिंडा, पण चवीला शून्य. डब्यात जातो तो डिकिन्सन नावाचा वाण, लांबट आणि फिकट तपकिरी, दाराबाहेर मांडला तर कुणी ढुंकून बघणार नाही असा. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने हे दोन्ही एका जातीचेही नाहीत. कोरायचा भोपळा कुकुर्बिटा पेपो, आणि डिकिन्सन कुकुर्बिटा मॉस्काटा. आपल्याकडे मंडईत फोडी करून विकतात तो लाल भोपळाही बहुतेक वेळा मॉस्काटाच. म्हणजे माझ्या आईच्या घारग्यांतला भोपळा आणि मॉर्टनच्या डब्यातला भोपळा यांचं गोत्र एक, आणि दारात दात विचकत बसलेला मात्र परका. दोघांचेही पूर्वज शेवटी अमेरिका खंडातलेच. मेक्सिकोतल्या ओआहाका भागातल्या एका गुहेत सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या, माणसाने लावलेल्या भोपळ्याच्या बिया सापडल्या आहेत. श्राद्धाच्या पानात आमच्याकडे ज्याच्या भाजीवाचून चालत नाही तो लाल भोपळा कोलंबसाच्या आधी आपल्या आजी-पणजींना माहीत नव्हता. मग त्याच्याआधी पितरांना काय वाढत होते, हा प्रश्न मी एकदा सासूबाईंना विचारला होता. त्यांनी उत्तर दिलं नाही.

डबा फोडला की निघणारा गर घट्ट, गुळगुळीत आणि गडद केशरी असतो, चमचा उभा राहील इतका. दोन वाट्या मैद्याला एक वाटी गर मी घेते. ताकाला पर्याय नाही, कारण सोडा उठायला आंबटपणा हवा. अंडं, थोडं वितळलेलं लोणी, चवीपुरती साखर आणि मसाला. इथे दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग यांची तयार पूड मिळते. पम्पकिन पाय स्पाइस नावाने मॅककॉर्मिक कंपनीने ती १९३४ मध्ये बाजारात आणली. अलीकडे मेणबत्तीपासून कॉफीपर्यंत सगळ्यांत घुसलेला वास तो हाच. स्टारबक्सने २००३ मध्ये या नावाची कॉफी काढली तेव्हा तिच्यात भोपळ्याचा अंशही नव्हता, आणि बारा वर्षं कुणाचं काही अडलं नाही. माझ्याकडे जायफळ किसणीवर किसलं जातं आणि दालचिनीपेक्षा ते जास्त पडतं. ही पुरणाची सवय आहे, मी ती मोडलेली नाही.

पीठ फार घोटायचं नाही. कोरडं आणि ओलं एकत्र आलं की हात थांबवायचा, गाठी दिसल्या तरी. आपल्याला धिरड्याचं पीठ सरबरीत करायची खोड असते. इथे तसं केलं तर मैद्याला चिकटपणा येतो आणि पॅनकेक चामड होतात. मग दहा मिनिटं झाकून ठेवायचं. भोपळ्यात पाणी फार, म्हणून आच मध्यमच्याही खाली. घाई केली तर वरून सुरेख रंग येतो आणि आत कच्चा गोळा राहतो.

खरा कार्यक्रम त्याच्या पुढे. थोडं पीठ वेगळं काढून त्यात कोको कालवायचा आणि ते सॉसच्या रिकाम्या बाटलीत भरायचं. तवा जेमतेम तापला की त्या बाटलीने आधी चेहरा काढायचा. दोन त्रिकोणी डोळे, एक नाक आणि वाकडे दात. पीठ तव्याला धरेपर्यंत थांबायचं, अर्धा-पाऊण मिनिट. मग त्यावर पळीने केशरी पीठ अलगद ओतायचं, असं की रेषा वाहून जाणार नाहीत. चेहरा त्याखाली पार गडप होतो. वरून दिसतो नुसता एक साधा पॅनकेक. कडा सुकतात, बुडबुडे येतात, फुटतात आणि त्यांची भोकं तशीच उघडी राहतात, तेव्हा उलथायचा. उलथनं खाली सरकवल्यापासून पॅनकेक उताणा पडेपर्यंतचा तो एक क्षण, त्यासाठी माझी मुलं पांघरुणातून उठून ओट्याशी येऊन उभी राहतात. नाक घसरलेलं असतं, एक डोळा मोठा झालेला असतो, दातांचा चिखल झालेला असतो, आणि तेच पसंतीला उतरतं. नीट आलेला चेहरा कुणाला नको असतो. धाकट्याने एकदा स्वतःच्या नावाचं अक्षर काढायला लावलं. ते अर्थात उलटं आलं. त्यावर त्याने, आरशासमोर बसून खाईन, असा तोडगा काढला आणि तो अमलातही आणला.

मुलांइतकी कर्मठ माणसं मी पाहिली नाहीत. आमच्या सासरचा कुळाचार पाच-सहा पिढ्यांचा. त्यातलं इथे काय पाळायचं आणि काय सोडायचं यावर नवरा आणि मी सोयीप्रमाणे तडजोडी करत आलो. गौरी तीन दिवसांऐवजी शनिवार-रविवारी आल्या, केळीचं पान कागदाचं झालं, गुरुजी फोनच्या पडद्यावर आले. मुलांनी यातल्या कशालाच हरकत घेतली नाही. पण पॅनकेकवर चॉकलेटच्या दाण्यांऐवजी मी मनुका लावल्या त्या वर्षी, "आई, असं चालत नाही," हे वाक्य मला ऐकवलं गेलं, आणि तेही माझ्या सासूबाईंच्या सुरात. मी मनातल्या मनात सुखावले. ज्याला पोथी नाही, पूर्वज नाहीत, जो मीच कधीतरी सुरू केला, त्या प्रकाराला "असं चालत नाही" म्हणणारं माणूस मिळालं. कुळाचाराला याहून जास्त काही लागत असेल, असं मला वाटत नाही. आधी कुणीतरी हट्ट धरायचा, शास्त्र मागाहून गोळा करता येतं.

हे पॅनकेक घराबाहेर मात्र जाऊ शकत नाहीत. त्या संध्याकाळी दारात येणाऱ्या मुलांना घरचं केलेलं काही द्यायचं नसतं, आणि कुणी दिलंच तर त्यांचे आईबाप ते टाकून देतात. आमच्या शेजारच्या आजी याच गावात वाढल्या. त्या सांगतात की त्यांची आई हॅलोविनसाठी पाकातल्या लाह्यांचे लाडू वळायची आणि साखरेत घोळलेली सफरचंदं काडीला लावून द्यायची. मग सफरचंदात ब्लेड, गोळ्यांत विष अशा बातम्या यायला लागल्या. १९७४ मध्ये टेक्सासमधला एक मुलगा हॅलोविनच्या गोळीतल्या सायनाईडने खरोखरच गेला. पण ते विष अनोळखी शेजाऱ्याने घातलं नव्हतं, विम्याच्या पैशांसाठी सख्ख्या बापाने घातलं होतं. १९८२ मध्ये शिकागोच्या परिसरात डोकेदुखीच्या औषधात कुणीतरी विष मिसळलं, सात माणसं मेली, आणि ऐन हॅलोविनच्या तोंडावर भीती पुन्हा उसळली. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञाने अशा बातम्यांचा माग वर्षानुवर्षं काढला. अनोळखी माणसाने वाटलेल्या विषारी खाऊने मूल दगावल्याची एकही शाबीत घटना त्यांना सापडली नाही. तोवर लाह्यांचे लाडू गेलेच होते. विश्वास उरला तो कारखान्यात चिकटवलेल्या वेष्टणावर.

'घरचं आहे' यापलीकडे शिफारस नाही अशा घरात मी वाढले. खाऊन बघा, घरचं आहे. मुलाला द्या, घरचं आहे. डबा पाठवताना आई हेच सांगायची आणि घेणाराही तेवढ्यावर निर्धास्त व्हायचा. इथे वर्षातून एक संध्याकाळ अशी येते की तेच सांगितलं तर समोरचं माणूस दोन पावलं मागे सरकेल. मला याचा राग येत नाही. माझ्या मुलांच्या पिशव्या मीही टेबलावर उलट्या करून तपासते आणि वेष्टण फाटलेलं दिसलं की ते चॉकलेट केरात टाकते.

मूळ ठिकाणी हा सण इतका कोरडा नव्हता. आयर्लंडमध्ये हॅलोविनला बार्मब्रॅक नावाचा मनुका घातलेला पाव करतात आणि त्यात अंगठी, नाणं, चिंधी लपवतात. अंगठी आली की वर्षात लग्न, चिंधी आली की दारिद्र्य. इंग्लंडात पूर्वी २ नोव्हेंबरच्या सुमारास, मृतात्म्यांच्या दिवशी, पोरं आणि गोरगरीब दारोदार जायचे. घरच्या मेलेल्या माणसांसाठी प्रार्थना म्हणायचे आणि बदल्यात त्यांना छोटे केक मिळायचे. दारोदार मागण्याची रीत तिकडून आली असं बरेच जण मानतात. मृतांच्या नावाने दुसऱ्याच्या तोंडात गोड घास घालायचा, हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. दिवेसुद्धा तिकडे सलगमाच्या गड्ड्यात कोरत. एकोणिसाव्या शतकात आयरिश आणि स्कॉटिश माणसं अमेरिकेत आली, कोरायला सोपा भोपळा मिळाला, आणि सलगम सुटलं. केकही वाटेत कुठेतरी सुटला.

२०२४ साली एकतीस ऑक्टोबरला भारतात नरक चतुर्दशी होती. तिकडे लक्ष्मीपूजन त्याच दिवशी करायचं की दुसऱ्या, यावर वाद चालू होता. आमच्याकडे मात्र संध्याकाळी अमावस्या निर्विवाद लागलेली, म्हणजे हॅलोविन आणि लक्ष्मीपूजन एकाच तारखेला. सकाळी टेबलावर चकली, शेव, बेसनाचे लाडू आणि पॅनकेकचा तवा. आधी काय खायचं यावर रणं माजली. लेकीने निकाल दिला की दिवाळी अजून तीन दिवस आहे, हॅलोविन आज रात्री संपणार, तेव्हा पॅनकेक आधी. या युक्तिवादात मला खोट सापडली नाही. नवरा मेपलच्या पाकाला हात लावत नाही, त्याने नेहमीप्रमाणे पॅनकेकवर साजूक तूप घेतलं आणि बरोबर चकली खाल्ली. ही जोडी वाईट लागत नाही.

शेजारच्या आजींना मी फराळाचं ताट दिलं, त्यात एका कडेला दोन पॅनकेक, नाकं घसरलेले. त्यांनी दारातच चकलीचा तुकडा मोडून तोंडात टाकला, काय आहे, कुणी केलं, काही न विचारता. दुपारी ताट परत आलं. रिकामं ताट परत द्यायचं नसतं हे त्यांना कुणी शिकवलं होतं कोण जाणे. त्यात दुकानातली चॉकलेटं होती, एकूण एक वेष्टणातली. धाकट्याने त्यातलं सगळ्यात मोठं आधी उचललं.