जुन्या पेटीला नवा रंग



गेल्या उन्हाळ्यात धाकट्या मुलीने मला एक व्हिडिओ पाठवला. कुणा बाईने आजीचा काळपट पियानो घासून, रंगवून छान निळा केला होता. आमच्याकडे पियानो कुठला असायला! पण माळ्यावर मामंजींची बाजाची पेटी होती. पॉलिश उडालेलं, एका कोपऱ्याला पाणी लागून पांढरा डाग पडलेला. दशलक्षण पर्वात बस्तीतल्या भजनांना ती न्यावी असं मनात आलं आणि मी ती मिरजेला एका कारागिरांकडे घेऊन गेले.

त्यांनी पेटी उघडून आतले सूर दाखवले. पितळेच्या त्या पट्ट्या पालिताण्याच्या निघाल्या. पालिताण्याच्या सुरांचं पेटीवाल्यांत मोठं नाव आहे म्हणे. आम्ही शत्रुंजयाची यात्रा करून आलो, पण हे काही मला ठाऊक नव्हतं.

मग ते म्हणाले, "ताई, चपड्याचं पॉलिश देतो, आरशासारखी होईल." चपडा म्हणजे काय, हे मी विचारलं म्हणून बरं. चपडा म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर बारीक किडे राहतात, त्यांच्या अंगातून पाझरलेला थर खरवडून लाख काढतात. त्यात किती जीव जातात याचा हिशेब मला, बी. कॉम. असूनही, करवला नाही. घरात मध येत नाही आणि हे भगवंतासमोर न्यायचं? मी नको म्हटलं. तेव्हा ते जरा हसले. "भात्याच्या घड्यांना आतून चामडंच आहे, ताई. पहिल्यापासून."

घरी येऊन दोन दिवस मी गप्पच होते. शेवटी सासूबाईंना सांगितलं. ८७ वर्षांच्या आहेत, डोळ्यांना फारसं दिसत नाही. म्हणाल्या, "त्यांना माहीत होतं. म्हणून तर ते पेटी कधी आत नेत नसत. बाहेर कट्ट्यावर बसून वाजवायचे." इतकी वर्षं मी समजत होते की मामंजींना गर्दी आवडत नाही!

कारागिरांना भात्याला कापड आणि रेक्झिन लावायला सांगितलं. चामड्याइतकं टिकणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. चालेल म्हटलं. सूर आणि पट्ट्या त्यांच्याकडेच ठेवल्या, नुसता खोका घरी आणला. घासताना उडणारा भुसा सुरांत गेला तर पेटी बेसूर होते. रंगवणार असाल तर हे आधी करा.

१८० नंबरच्या पॉलिश पेपरने जुनं पॉलिश घासायला तीन दुपारी गेल्या. मग लांबी, प्रायमर आणि पाण्यात कालवायच्या इनॅमलचे दोन हात. दोन हातांच्या मध्ये ३२० नंबरचा पेपर हलकासा फिरवला. ब्रश मुद्दाम नायलॉनचा घेतला, कारण साध्या ब्रशात डुकराचे केस असू शकतात. झाकण जिथे घट्ट बसतं तिथे आतून रंग लावला नाही, नाहीतर ते चिकटतं. रंग गडद हिरवा. माझ्या मिस्टरांना तो अजून पटलेला नाही. सगळं सामान १,१४० रुपयांत झालं, कारागिरांचे वेगळे.

भात्याची वरची कड तेवढी मी सोडली. तिथे मामंजींच्या हाताने लाकूड गुळगुळीत होऊन थोडं खोलगट झालं आहे. सासूबाईंनी पेटी चाचपली, हात त्या कडेवर थांबला, आणि बराच वेळ त्यांनी तो उचलला नाही.

पर्वात पेटी पहिल्यांदा बस्तीच्या आत गेली. "नवी घेतली का हो?" शेजारच्या काकूंनी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "जुनीच आहे गं, लुगडं बदललंय."

मधली एक काळी पट्टी अजून अडकते. पावसाने लाकूड फुगलं असेल, दिवाळीनंतर बघू.