बिशपपेक्षा दहा मीटर उंच

प्रिय मृण्मयी,



तुझ्या प्रबंधाचं जर्मनीतल्या ल्युबेक शहरावरचं प्रकरण वाचलं. मापं, आराखडे सगळं चोख आहे, पण तिथल्या मारिएनकिर्शे या चर्चला तू ‘दगड नसलेल्या मुलखातली फ्रेंच गॉथिकची नक्कल’ म्हणून मोकळी झालीस, ते मला पटलं नाही. नक्कल आहेच, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न असा की ही नक्कल कोणी केली आणि कोणाला दाखवायला केली. माझ्या मते या चर्चची उंची देवाकडे बघून जेवढी ठरली, तेवढीच गावाच्या दक्षिण टोकाला बसलेल्या बिशपकडे बघून ठरली.

सुरुवात जागेपासून कर. बिशपची गादी 1160 मध्ये ल्युबेकला आली आणि हेन्री द लायनने 1173 मध्ये बिशपच्या कॅथेड्रलचा पाया घातला, तो बेटासारख्या त्या शहराच्या दक्षिण टोकाला. मारिएनकिर्शे मात्र मधोमध, उंचवट्यावर, बाजारपेठेला आणि नगरभवनाला खेटून. 1226 मध्ये सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने ल्युबेकला थेट साम्राज्याच्या छत्राखाली घेतलं. मधला कुठलाही सरदार उरला नाही. नगरसभेवर आता व्यापाऱ्यांचं राज्य होतं, आणि त्यांच्या डोक्यावर हक्क सांगणारा एकच माणूस गावात शिल्लक होता.

आता बांधकामाचा क्रम बघ. 1200 च्या सुमाराचं जुन्या धाटणीचं विटांचं चर्च पन्नासेक वर्षांतच मोडायला घेतलं. त्या जागी आधी सगळी दालनं सारख्या उंचीची असलेलं सभागृहवजा चर्च उभं राहू लागलं. प्रवचन ऐकायला येणाऱ्या गर्दीला ते पुरेसं होतं, आणि व्यापारी वस्तीच्या चर्चला तीच रीत शोभणारी होती. ते काम चालू असतानाच बेत बदलला. वेदीमागे फिरता मार्ग, त्याभोवती पाकळ्यांसारखी प्रार्थनागृहं, मधलं दालन बाजूच्या दालनांच्या कितीतरी वर नेलेलं: फ्रान्समधल्या कॅथेड्रलांचा हा सगळा सरंजाम एका पॅरिश चर्चने अंगावर घेतला. मधल्या दालनाचं छत 38.5 मीटरवर गेलं. विटांच्या कमानदार छतांत जगात याहून उंच दुसरं नाही. शिवाय पश्चिमेला एकाऐवजी दोन मनोरे. वस्तीच्या चर्चला साधारणपणे एक मनोरा असे, जोडमनोऱ्यांचा मान कॅथेड्रलचा. आज ते मनोरे सुमारे 125 मीटर भरतात आणि कॅथेड्रलचे सुमारे 115. मनोऱ्यांची कामं 1304 आणि 1310 मध्ये सुरू झाली, आणि नेमक्या त्याच काळात बिशप बुर्कहार्ड फॉन सेर्केम आणि नगरसभा यांचं हाडवैर चाललं होतं. बिशपला शहर सोडून ओइटिनला मुक्काम हलवावा लागला, इतकं ते विकोपाला गेलं.

तू म्हणशील, काळ जुळला म्हणून कारण जुळत नाही. ‘बिशपहून उंच बांधा’ असा ठराव दाखवा. असले हेतू कोणी ठरावात लिहीत नसतं. पण चर्च वापरलं कशासाठी, ते बघता येतं. बर्गोमास्टरांच्या नावाच्या प्रार्थनागृहाच्या वरच्या मजल्यावर शहराची तिजोरीवजा खोली होती. सनदा, करारनामे, साम्राज्याने दिलेले हक्क, सगळं तिथे कुलपात. सम्राटाचे कागद ज्या इमारतीत सुरक्षित वाटतात, ती इमारत नगरसभा आपली मानते, हे उघड आहे. पुढे डिट्रिख बुक्स्टेहुड 1668 पासून इथे ऑर्गन वाजवू लागला, तेव्हा त्याच्या संध्याकाळच्या संगीतसभांचा खर्चही व्यापारीच उचलत. उपासनेचा भाग नसलेला तो कार्यक्रम, पण व्हायचा चर्चमध्ये. तरुण बाख 1705 मध्ये आर्नश्टाटहून पायी आला, तो या बुक्स्टेहुडला ऐकायला.

विटेचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जवळपास खाण नव्हती, म्हणून वीट, हे खरं. पण एवढ्यावर थांबू नकोस. 1310 च्या सुमाराला बांधलेल्या, याच चर्चच्या ब्रीफकापेले या प्रार्थनागृहात सुमारे अकरा मीटरचे एकसंध ग्रॅनाइटचे दोन सडपातळ खांब आहेत. ते बोर्नहोम बेटावरून समुद्रमार्गे आणलेले. ज्यांची जहाजं बाल्टिकभर फिरत होती, त्यांना दगड परवडत नव्हता असं कसं म्हणायचं? त्यांनी तो हवा तिथे आणला आणि बाकी सगळं विटेत बांधलं. धिऱ्यांच्या उडत्या कमानीसुद्धा विटेच्याच. विटेत शिल्पं कोरता येत नाहीत, म्हणून फ्रान्समधल्या आमियेंच्या कॅथेड्रलसारखी संतांची रांग दारावर नाही. भिंती सपाट, जवळजवळ रुक्ष. पण नगरभवन, इस्पितळ आणि पुढे होल्स्टेनटोरचा दरवाजा याच विटेचे. चर्च त्यांच्या जातकुळीतलं झालं. आणि नकलेचं म्हणशील, तर श्ट्रालझुंड, व्हिस्मार आणि रोस्टॉकच्या व्यापाऱ्यांनी पुढे नमुना घेतला तो या चर्चचा.

एक आक्षेप मात्र मी हलका मानत नाही. 1350 मध्ये प्लेग आला, माणसं पटापट मेली, आणि चर्चचं काम 1351 च्या सुमाराला पुरं झालं. जे मरणाच्या भीतीने मृत्युपत्रात चर्चला पैसे ठेवत होते, त्यांना राजकारणी कसं म्हणणार? नाहीच म्हणायचं. त्या व्यापाऱ्याच्या मनात आत्म्याचा उद्धार आणि गावाचा मान ही दोन खाती वेगळी नव्हतीच. श्रद्धा खोटी होती असं माझं म्हणणं नाही. श्रद्धेचा पैसा कुठे जाईल आणि किती उंच चढेल, हे नगरसभा ठरवत होती, एवढंच म्हणते.

1942 च्या 28-29 मार्चच्या रात्री दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबहल्ल्यात या चर्चचं छत आणि शिखरं गेली. दक्षिण मनोऱ्यातल्या घंटा पडल्या तशा अजून तिथेच आहेत. नंतरच्या दुरुस्तीत लोथार माल्स्काट या चित्रकाराने ‘सापडलेली’ मध्ययुगीन चित्रं चक्क स्वतः रंगवली आणि 1952 मध्ये कबुलीही दिली. प्रकरण रंजक आहे, पण तुझ्या प्रबंधाला तळटीपेपुरतंच ठेव. त्यापेक्षा गावातली दंतकथा घे: सैतानाला वाटलं दारूचा गुत्ता उभा राहतोय, म्हणून तो विटा वाहायला लागला. चर्च आहे हे कळल्यावर भडकला, तेव्हा शेजारी गुत्ताही बांधून देऊ असं सांगून त्याची समजूत काढली. तो गुत्ता म्हणजे नगरभवनाचं तळघर! लोककथेलाही ही दोन घरं एकाच मालकाची वाटतात.

तेव्हा आमियेंशी तुलनेचा तक्ता मागे टाक आणि प्रकरणाच्या सुरुवातीला शहराचा नकाशा लाव. त्यावर कॅथेड्रल, नगरभवन आणि मारिएनकिर्शे ठळक दाखव. सुधारलेला मसुदा झाला की पाठव.

तुझी,
मावशी