आरोग्याचा पाठ व आमचे पाय

ह्या वार्षिकाच्या संपादकांनीं ‘आरोग्यास हितकर अशा नित्याच्या संवयी’ ह्या विषयावर आमच्याकडे लेख मागितला, तेव्हां आम्हांस प्रथम हसूं आलें व मागाहून लाज वाटली. हसूं अशासाठीं कीं, बावीस वर्षें आम्ही मुलांस हाच पाठ शिकवीत आलों आहों. तो आम्हांस झोंपेंतही म्हणतां येईल. लाज अशासाठीं कीं, त्यांपैकीं एकवीस वर्षें त्या पाठांतील एकही वाक्य आम्हीं स्वतः आचरिलें नव्हतें. ‘सकाळीं लवकर उठावें, मोकळ्या हवेंत फिरावें, मिताहार करावा,’ असें फळ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहून आम्ही खुर्चींत बसत असूं, आणि मुलें तें वहींत उतरून घेईपर्यंत उठत नसूं. घरापासून शाळा दोन किलोमीटर; तेवढ्यासाठीं आम्ही स्कूटर काढीत असूं. हजेरीपट वरच्या मजल्यावर राहिला, तर तो आणावयास शिपायास धाडीत असूं. सायंकाळीं घरीं येऊन वह्या तपासावयास बसावें, वह्या संपल्या कीं मोबाईल हातीं घ्यावा, आणि डोळे दुखूं लागले म्हणजे निजावें, असा आमचा दिनक्रम होता. ह्यांत कांहीं उणें आहे असें आम्हांस कधीं वाटलें नाहीं. कारण आम्हांस कांहीं दुखत नव्हतें.

गेल्या वर्षीं जून महिन्यांत शाळेंत मुलांची आरोग्यतपासणी झाली. मुलें संपत आलीं तेव्हां डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “सर, आपणही हात पुढें करा.” आम्हीं विनोद म्हणून हात पुढें केला. त्यांनीं दंडास पट्टा बांधिला, आकडा पाहिला, आम्हांस दहा मिनिटें स्वस्थ बसविलें व पुन्हां पाहिला. पहिल्या वेळीं रक्तदाब १५६ व ९८ होता. दुसऱ्या वेळीं १५२ व ९६. निरोगी प्रौढाचा रक्तदाब साधारणतः १२० व ८० च्या आसपास असावा, हें आम्हीच मुलांस शिकवितों. रांगेंत आमच्या पाठीमागें उभ्या असलेल्या सातवींतल्या एका चिमुरड्यानें तो आकडा वाचला आणि निर्मळ मनानें विचारिलें, “सर, म्हणजे तुम्ही नापास का?”

आम्हीं त्यास उत्तर दिलें नाहीं. आमच्या डोळ्यांपुढें आमचे वडील उभे राहिले होते.

तेही शिक्षक होते. तरुणपणीं ते गांवोगांवच्या शाळा पायीं हिंडून पाहात. पुढें तालुक्याच्या गांवीं त्यांस लेखनिकाचें काम मिळालें व त्यांचे पाय टेबलाखालीं गेले. एक्कावन्नाव्या वर्षीं एका पहाटे त्यांस पक्षाघात झाला. आम्ही तेव्हां पदवीच्या अखेरच्या वर्षास होतों. ज्या उजव्या हातानें त्यांनीं शेंकडों मुलांस अक्षर वळवावयास शिकविलें, तो हात त्यानंतर तीन वर्षें पांघरुणावर नुसता पडून असे. डाव्या हातानें आपली सही करण्याचा सराव ते पाटीवर करीत व पुसून टाकीत. आम्ही खोलींत आलों कीं पाटी उशीखालीं सारीत. आपला रक्तदाब किती आहे, हें त्यांस कधींच कळलें नव्हतें. कोणी मोजलाच नव्हता. ह्या रोगाची खोड हीच आहे. तो बहुधा दुखत नाहीं, खुपत नाहीं. वर्षानुवर्षें धमन्यांच्या भिंती ताठर करीत राहतो आणि एके दिवशीं मेंदूंत किंवा हृदयांत आपली वसुली करितो. आम्ही आतां सेहेचाळीस वर्षांचे आहों. वडिलांच्या त्या पहाटेस आणि आम्हांस आतां पांचच वर्षांचें अंतर उरलें होतें.

डॉक्टरीणबाईंनीं आणखी दोन दिवस दाब पाहून रोजची एक गोळी सुरू केली व संवयी बदलावयास सांगितलें. गोळी सोपी होती. संवयींच्या नांवानें मात्र आम्हीं जो उत्साह दाखविला, तो सांगण्यासारखा आहे. दुसऱ्याच दिवशीं आम्हीं महागडे बूट आणिले, पहाटे पांच वाजतां उठून मैदानाला चार फेऱ्या धांवत घातल्या, सकाळची न्याहारी वर्ज्य केली, आणि भिंतीवर एक वेळापत्रक लाविलें. नवव्या दिवशीं गुडघा सुजला, बाराव्या दिवशीं पाऊस आला, आणि महिनाअखेर बूट कपाटाखालीं गेले. वेळापत्रक तेवढें भिंतीवर राहिलें.

आमची आई पंचाहत्तर वर्षांची आहे. कपाटाखालचा केर काढतांना तिला ते बूट सांपडले. ती म्हणाली, “बाळ, तूं एका आठवड्यांत पैलवान व्हायला निघालास. मी जन्मांत कधीं व्यायाम केला नाहीं. विहिरीला जायचं होतं म्हणून चालले, दळायचं होतं म्हणून हात हलवले. तुला शाळेंत जायचं असतंच ना?”

एवढ्या एका प्रश्नानें आम्हांस जें कळलें तें कोणत्याही पुस्तकानें कळलें नव्हतें. नवी संवय मोकळी ठेविली तर टिकत नाहीं. जें काम आपण रोज करितोंच, त्याच्या खुंटीस ती अडकवून द्यावी लागते. दुसऱ्या दिवसापासून आम्ही शाळेस पायीं जाऊं लागलों. जाण्यास पंचवीस मिनिटें, येण्यास पंचवीस. आठवड्याचे सहा दिवस धरिले तर तीनशें मिनिटें होतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांसाठीं जें प्रमाण सांगितलें, तें आठवड्यास दीडशें ते तीनशें मिनिटें मध्यम श्रमाचें आहे. झपाट्यानें चालणें ह्यांत येतें. पांच ते सतरा वर्षांच्या मुलांस मात्र दररोज सरासरी साठ मिनिटें हवींत. म्हणजे मुलांनो, ह्या बाबतींत तुमचा अभ्यासक्रम आमच्याहून मोठा आहे!

बसून राहण्यानें खरोखर अपाय होतो काय, अशी शंका आमच्यांतील विज्ञानशिक्षकास आलीच. तिचें एक उत्तर लंडन शहराच्या दुमजली बसगाड्यांत मिळतें. जेरेमी मॉरिस ह्या डॉक्टरांनीं त्या गाड्यांच्या चालकांची व वाहकांची तुलना करून १९५३ सालीं ती प्रसिद्ध केली. चालक दिवसभर बसलेला. वाहक तिकिटें देत दिवसभर जिना चढे-उतरे. गाडी तीच, शहर तेंच; परंतु हृदयविकार चालकांत अधिक आढळला. एवढ्यावर टाळी वाजवून मॉरिस थांबले नाहींत, हें आम्हांस अधिक आवडतें. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुढें गणवेशांचीं मापें तपासलीं, तेव्हां चालकांची कंबर नोकरीच्या आरंभींच वाहकांहून मोठी होती असें दिसलें, व १९५६ सालीं त्यांनीं तेंही छापिलें. अर्थात् सर्वच दोष खुर्चीचा नव्हता. परंतु पुढील अनेक संशोधनांनीं मूळ मुद्द्यास पुष्टिच दिली. स्वतः मॉरिस २००९ सालीं नव्व्याण्णवाव्या वर्षीं वारले.

दररोज दहा हजार पावलें चाललींच पाहिजेत, अशीही एक समजूत आहे. तो आकडा टोकियो येथील १९६४ सालच्या ऑलिंपिक सामन्यांनंतर, १९६५ सालीं जपानांत विकावयास आलेल्या पावलें मोजण्याच्या यंत्राच्या नांवांतून प्रसिद्ध झाला. त्या नांवाचा अर्थच ‘दहा हजार पावलें मोजणारें’ असा आहे. आकडा वाईट नाहीं, परंतु तो शास्त्राचा नियम नव्हे. आठ हजार झालीं म्हणून दिवस फुकट गेला असें मानूं नये, आणि शून्यावरून दोन हजारांवर येणाऱ्यास हसूं नये.

जेवणाच्या बाबतींत आम्हांस एकच मोठा शत्रु आढळला, तो मीठ. मीठ शरीरांत पाणी धरून ठेवितें. त्यामुळें वाहिन्यांतील रक्ताचें आकारमान वाढतें व दाबही वाढतो. दिवसाला पांच ग्रॅमहून कमी, म्हणजे एका लहान चमच्याहून कमी मीठ, हें प्रमाण आहे. आमच्या ताटांत लोणचें, पापड, खारविलेली मिरची व चहाबरोबर फरसाण हीं नित्याचीं असत; भाजींतलें मीठ तर आम्ही मोजीतच नव्हतों. आतां लोणचें रविवारीं. पहिले पंधरा दिवस सर्व जेवण पाणचट लागलें. मग जीभ वळणावर आली, व ज्वारीच्या भाकरीस स्वतःची गोडी आहे हें इतक्या वर्षांनीं ध्यानांत आलें.

झोंपेविषयीं मात्र आम्हांस एका विद्यार्थ्यानें शिकविलें, आणि तो पाठ सुखाचा नव्हता.

पायीं जाऊं लागल्यावर ओढ्याच्या पुलापाशीं आम्हांस नववींतील एक मुलगा रोज भेटूं लागला. हा मुलगा तिसऱ्या तासास हटकून पेंगत असे. आम्हीं त्यास दोनदां उभें केलें होतें, व एकदां सर्व वर्गासमक्ष आळशी म्हटलें होतें. स्कूटरवरून जातांना आम्हीं त्यास शेंकडों वेळां मागें टाकलें असेल. पाहिलें एकदांही नव्हतें. आतां बरोबर चालतांना कळलें कीं, तो चार किलोमीटरांवरच्या वस्तीवरून येतो. त्याचे आईबाप ऊसतोडीस परजिल्ह्यांत गेलेले. घरीं आजी व दोन गाई. पहाटे चारला उठून धारा काढावयाच्या, दूध डेअरीवर घालावयाचें, मग शाळेची वाट धरावयाची. रात्रीं आम्हीं व आमच्या सोबत्यांनीं दिलेला गृहपाठ संपावयास अकरा वाजत. तो सहज म्हणाला, “सर, तुम्ही झोंपेचा धडा शिकवलात त्या दिवशीं मी हिशेब केला. माझे पांच तास होतात. बाकीचे तीन कुठून आणूं?”

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांस आठ ते दहा तास झोंप हवी, हें आम्हींच त्यास लिहून दिलें होतें; वाक्य बरोबर होतें. परंतु त्याचे तीन तास कोणी नेले, ह्या प्रश्नाच्या उत्तरांत थोडासा वांटा आमचाही होता. आरोग्याच्या संवयी ज्याच्या त्याच्या मनोनिग्रहावर अवलंबून आहेत, असें आम्ही बावीस वर्षें सांगत आलों. त्या दिवशीं कळलें कीं, एकाची संवय पुष्कळदां दुसऱ्याच्या हातीं असते. आम्हीं त्याची क्षमा मागितली. तो संकोचला व त्यानें ओढ्यांतल्या बगळ्यांचा विषय काढिला.

मुख्याध्यापकांशीं बोलून आम्हीं नववीचा शेवटचा तास आठवड्यांतून तीन दिवस ग्रंथालयांत गृहपाठासाठीं मोकळा करून घेतला, आणि आमच्या विषयाचा गृहपाठ निम्मा केला. त्यानें त्या मुलास रोज तासाभराची झोंप अधिक मिळते, तीन तासांची नाहीं. त्याचे आईबाप अजून दरवर्षीं ऊसतोडीस जातात. जें आमच्या हातीं होतें तेवढें झालें. जें नव्हतें तें तसेंच आहे. आम्ही स्वतः मात्र रात्रीं दहा वाजतां मोबाईल बाहेरच्या खोलींत ठेवून निजतों. ज्यास वेळ आहे त्यानें झोंप उधळणें, हें आतां आम्हांस बरें वाटत नाहीं.

ह्या मार्चांत डॉक्टरीणबाईंनीं दाब पाहिला. १३४ व ८४ भरला. वजन चार किलो उतरलें होतें. आम्हीं उत्साहानें विचारिलें, “आतां गोळी बंद करावी काय?” त्या म्हणाल्या, “चालणें गोळीच्या जागीं नाहीं सर, गोळीच्या जोडीला आहे. तिच्याविषयीं मी सांगेन. तुम्ही ठरवूं नका.” वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं कोणी अशी गोळी घेत असेल, त्यांनीं हें वाक्य घरीं जाऊन अवश्य सांगावें. आणि घरांतील ज्या वडील माणसांनीं आपला दाब कधीं मोजलाच नाहीं, त्यांस हात धरून एकदां मोजावयास न्यावें. पट्टा बांधून आकडा पाहावयास दोन मिनिटें पुरतात. आमच्या वडिलांस तीं दोन मिनिटें कोणीं दिलीं नाहींत. आम्ही पदवीच्या वर्गांत शरीरशास्त्र शिकत होतों, पण आम्हींही दिलीं नाहींत.

असो. तो चिमुरडा आतां आठवींत गेला आहे. परवां आम्ही चालत फाटकांतून आंत शिरत असतां त्यानें गांठलें व विचारिलें, “सर, पास झालांत का?”

आम्हीं ह्या वेळीं उत्तर दिलें. “काठावर,” आम्ही म्हणालों, “पण ही परीक्षा रोज सकाळीं असते.”