कपाटातला पावसाळा

जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या की भोरमधल्या माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर टॅब यायला लागतात. वेळवंड खोऱ्यातून, हिर्डोशीकडून, पलीकडे वेल्ह्यातल्या पासली-केळदच्या बाजूने. आणणारे बहुतेक शिक्षक असतात आणि त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "वापरलाच नाही हो, कपाटात जपून ठेवला होता." त्यांच्या बोलण्यावर माझा पूर्ण विश्वास असतो. टॅब बंद पडलेला असतो तो त्याच कारणाने.

पडून फुटलेल्या टॅबचं दुखणं समोर दिसतं. डिस्प्लेचा कॉम्बो बदलला की काम होतं. न वापरता ठेवलेल्याचं तसं नसतं. त्यातली लिथियमची बॅटरी पूर्ण भरली की 4.2 व्होल्टच्या आसपास असते, काही नव्या मॉडेलांत थोडी वर. 3 व्होल्टच्या खाली गेली की तिचा धोक्याचा पट्टा सुरू होतो. टॅब बंद केला तरी आतलं घड्याळ आणि पॉवरची चिप थोडा थोडा करंट खातच राहतात. एप्रिलअखेर पाच-सात टक्क्यांवर ठेवलेला टॅब जून उजाडेपर्यंत त्या पट्ट्यात पोचू शकतो. मग बॅटरीवरचं संरक्षक सर्किट तिला तोडून टाकतं आणि चार्जर लावला तरी पडद्यावर काही उमटत नाही. इथवरच गाडी थांबली असेल तर डीसी सप्लायवरून अगदी कमी करंट देत ती उठवता येते. पण फार दिवस रिकामी राहिली असेल तर आतल्या तांब्याच्या पातळ पत्र्यातलं तांबं द्रवात विरघळायला लागतं. अशी बॅटरी पुन्हा भरली की तेच तांबं नको तिथे जमतं आणि आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. म्हणून मी आधी व्होल्टेज मोजतो. 2 व्होल्टच्याही खाली असेल तर ती उठवायला जात नाही. शिक्षकांना वाईट वाटतं, मलाही वाटतं. पण वस्तू मुलांच्या हातात जायची आहे.

उलट टोकही तितकंच वाईट. शंभर टक्के भरून, पत्र्याच्या छपराखालच्या लोखंडी कपाटात मे महिनाभर ठेवलेला टॅब. भरलेली बॅटरी आणि उष्णता एकत्र आली की आतला द्रव हळूहळू विघटित होतो, वायू धरतो, बॅटरीचं पाकीट फुगतं आणि डिस्प्ले कडेने उचलला जातो. पुष्कळजण तो अंगठ्याने दाबून परत बसवायला बघतात. तसं कधीही करू नका. फुगलेल्या बॅटरीवर दाब म्हणजे आगीला बोलावणं. टॅब बंद करा, चार्जरला लावू नका आणि दुरुस्तीला आणा.

म्हणून सुट्टी लागण्याआधी बॅटरी निम्म्यावर आणायची आणि टॅब पूर्ण बंद करायचा. जागा शक्य तितकी गार हवी, आणि महिन्यातून एकदा कुणीतरी चालू करून बघायला हवा. टॅब एकावर एक रचू नयेत, वर पुस्तकांचे गठ्ठे तर नकोतच; सततच्या दाबाने पडद्यावर पांढरे डाग उमटतात ते पुन्हा जात नाहीत. ताटाळ्यातल्या ताटांसारखे उभे लावावेत.

2018 साली चांदरच्या जिल्हा परिषद शाळेची बातमी देशभर गेली होती. डोंगरातलं लहानसं गाव, एक शिक्षक, एकच विद्यार्थी, गावात वीज नाही. 12 व्होल्टच्या सोलर पॅनलवर टीव्ही चालायचा आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढून दोन टॅब घेतले होते. वाचणाऱ्यांच्या मनात शिक्षकांचा रोजचा डोंगरातला प्रवास राहिला. माझ्या मनात ते दोन टॅबही राहिले. गावाने पैसे काढून घेतलेली वस्तू किती वर्षं टिकली पाहिजे, हा प्रश्न माझ्या धंद्यातल्या माणसाने स्वतःला विचारलाच पाहिजे. सोलरवर टॅब चार्ज करणाऱ्यांना मी एक गोष्ट बजावून सांगतो. 12 व्होल्टचं म्हणून मिळणारं पॅनल भर उन्हात 17-18 व्होल्ट देतं, भार नसेल तर 20 च्याही पुढे जातं आणि ढग आला की घसरतं. मध्ये कंट्रोलर आणि मोठी बॅटरी हवीच. टॅब त्या बॅटरीवरून भरायचा, थेट पॅनलवरून कधीच नाही.

आमच्याकडचा पाऊस सगळीकडे सारखा नाही. भोर गावात बेताचा, वरंध घाटाच्या अंगाला मात्र भिंतींना ओल धरेल इतका. त्या हवेत चार्जिंग जॅकमध्ये ओलावा बसतो. त्यात शाळेतली खडूची भुकटी आणि घरी नेला तर चुलीची काजळी. ओल लागली की त्याचा लगदा घट्ट होतो. सी-टाइप जॅकमध्ये इवल्याशा जागेत 24 पर्यंत पिना असतात. तिथे ओल असताना 5 व्होल्ट सोडले की पिनांवरचा मुलामा खाल्ला जातो आणि खालचं तांबं हिरवं पडतं. टॅब बंद करून, कोरड्या लाकडी काडीने हलक्या हाताने जॅक साफ करणं एवढं काम कुणालाही जमतं. टाचणी किंवा सुई नको.

पाणी गेलं की टॅब तांदळात पुरायची सवय भाताच्या मुलखात कशी घालवायची? घरात इंद्रायणीची कणगी असते, हात आपोआप तिकडे जातो. पण बोर्डावरच्या झाकणांखाली शिरलेलं पाणी तांदूळ ओढून घेत नाही. पाणी वाळलं तरी त्यातले क्षार मागे राहतात आणि गंज चालूच राहतो, वर तांदळाची पूड जॅकमध्ये जाते. 2024 च्या सुरुवातीला ॲपलनेही आपल्या फोनधारकांना तांदूळ वापरू नका असं सांगितलं. टॅब लगेच बंद करा, जॅकचं तोंड खाली करून पंख्याच्या हवेत ठेवा आणि एक-दोन दिवसांत उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून घ्या. चार्जर लावून बघायचा मोह मात्र आवरा. पाण्यापेक्षा या बघण्याने जास्त बोर्ड गेले आहेत.

वळवाच्या दिवसांत लाईट गेली की चार्जरची पिन काढून ठेवायची. आल्यावर थोडं थांबून लावायची, कारण येताना ती उसळी मारून येते. आणि चार्जिंगला लावलेल्या टॅबवर मुलांना पालथं पडून खेळू देऊ नका. टॅब फोनच्या दुप्पट जड. तो सगळा भार वायरीच्या टोकावर येतो आणि जॅक बोर्डावरून उचकटतो.

शाळांना माझा आग्रह शनिवारच्या सकाळच्या शाळेचा असतो. त्या दिवशी सगळे टॅब बाहेर काढा, मुलांना वापरू द्या, जाताना निम्मे भरलेले ठेवा. काही शाळांत हे काम सातवीच्या मुलींनी अंगावर घेतलं आहे आणि त्या शाळांतून माझ्याकडे फारसं कुणी येत नाही.

ज्यांची बॅटरी गेलीच, त्यांच्यासाठी मी पुण्याला तपकीर गल्लीत जातो. जुन्या मॉडेलची बॅटरी मिळणं कठीण, आणि मिळाली तरी कोरं पाकीट म्हणजे ताजी बॅटरी नव्हे. तीही गोदामात वर्षानुवर्षं पडून राहिलेली असू शकते. म्हणून मल्टिमीटर खिशात असतो. दुकानातच व्होल्टेज मोजतो, पाकीट बोटांनी चाचपतो आणि 3.5 च्या खाली दिसली तर परत देतो.