भिंतीआडची तार

मनुष्यास आपल्या ज्ञानाचा अभिमान वाटावा यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु तो अभिमान ज्ञानाच्या पुढें चालूं लागला म्हणजे फजितीचा प्रसंग ठेवलेलाच. असा एक प्रसंग २०१८ सालीं अमेरिकेंत मजवर ओढवला. त्याची हकीकत बालवाचकांस उपयोगी पडेल या आशेनें येथें देत आहें.

माझे मामा पुष्कळ वर्षें त्या देशांत राहिले. नोकरींतून निवृत्त झाल्यावर त्यांनीं एक मोटारघर घेतलें. आपल्याकडील एस. टी. च्या गाडीएवढी ती मोटार; आंत बिछाना, चूल, न्हाणीघर, सारा संसार थाटलेला. मामींचे गुडघे धरलेले असल्यामुळें त्यांना फारसें हिंडवत नसे. मुक्कामाच्या ठिकाणीं सायंकाळीं दूरचित्रवाणी पाहावी, एवढीच त्यांची करमणूक. त्यासाठीं मामांनीं उपग्रहाचे संदेश झेलणारी एक सुटी, हातानें उचलून नेण्याजोगी अँटेना आणली होती. मी पडलों शाळेंत पदार्थविज्ञान शिकविणारा. तेव्हां ती जोडून देण्याचें काम मीं मोठ्या ऐटींत अंगावर घेतलें.

आमचा मुक्काम ॲरिझोनांत फ्लॅगस्टाफ शहराजवळ पाइन वृक्षांच्या रानांत होता. दूरचित्रवाणीचे हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. पृथ्वी स्वतःभोंवतीं जितक्या वेळांत फिरते तितक्याच वेळांत ते तिच्याभोंवतीं एक फेरी पुरी करतात; म्हणून ते आकाशांत एकाच जागीं खिळल्यासारखे राहतात. अशा उपग्रहांच्या द्वारें जगभर संदेश पोहोंचवितां येतील हा विचार आर्थर क्लार्क यांनीं १९४५ सालीं मांडला, आणि १९६४ सालीं ‘सिंकॉम ३’ हा उपग्रह तशा कक्षेंत जाऊन बसला. फ्लॅगस्टाफहून पाहतां हे उपग्रह दक्षिणेच्या बाजूस येतात, आणि मध्यें एखादा वृक्ष आला तरी संदेश अडतो. ही सारी विद्या मीं मामांना ऐकविली, मोकळी जागा पाहून अँटेना मांडली, आणि तिची तार मोटारीच्या बाहेरील भिंतीवरच्या जोडणीस लाविली. आंत, दूरचित्रवाणीमागील जोडणीस ग्राहकयंत्र जोडलें व कळ दाबली. पडद्यावर ‘संदेश नाहीं’ एवढींच अक्षरें उमटलीं.

दोन तास गेले. अँटेनेची जागा मीं चार वेळां बदलली. शेवटीं मामा हळूच म्हणाले, “बाळ, ही भिंतींतली तार जाते तरी कोठें, तें एकदां पाहूं या का?”

मी घामाघूम झालों होतों. तोंडांतून निघून गेलें, “मामा, तार म्हणजे तार! एका टोंकाला घातलें तें दुसऱ्या टोंकाला निघणारच. मी आंत असतांना तुम्हींच अँटेना हलविली असेल.”

मामा कांहीं बोलले नाहींत. ते बाहेर जाऊन पायरीवर बसले. मामींनीं माझ्याकडे एकदां पाहिलें आणि पोळ्या लाटावयास घेतल्या. मी सात वर्षांचा असतांना माझ्या हातांत पहिला लोहचुंबक ठेवणारे हेच मामा! त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं.

पहाटे उठून मीं एक निराळी तार खिडकींतून आंत घेतली आणि अँटेना व ग्राहकयंत्र यांना थेट जोडलें. थोड्याच वेळांत चित्र उमटलें! म्हणजे अँटेना ठीक, यंत्र ठीक, जागाही ठीक. दोष होता तो भिंतीआड. कपाटाची फळी काढून पाहिलें तों बाहेरून आलेली तार आधीं एका लहानशा पेटींत शिरलेली. छतावरील साध्या अँटेनेचे संदेश वाढवून वांटण्यासाठीं ती पेटी बसविलेली होती. उपग्रहाच्या अँटेनेस लागणारी वीज ग्राहकयंत्राकडून त्याच तारेंतून, सुमारें १३ ते १८ व्होल्टांनीं, जाते. आणि तिचे संदेश ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या दरम्यान येतात. साध्या केंद्रांचे संदेश याहून पुष्कळ खालच्या कंपनसंख्येचे. त्यांच्यासाठीं केलेली ती पेटी वीजही बाहेर जाऊं देत नव्हती आणि संदेशही आंत येऊं देत नव्हती. अँटेना बिचारी रात्रभर उपाशी बसली होती!

उपाय सोपा होता. यंत्र बंद करून बाहेरची तार पेटींतून सोडविली, आणि एका लहान जोडणीनें ती सरळ ग्राहकयंत्राकडे जाणाऱ्या तारेस मिळविली. छतावरील अँटेनेची तार होती तशीच पेटींत राहूं दिली.

त्यापेक्षां कठीण काम पुढेंच होतें. मामा उठल्यावर मीं त्यांना वांकून नमस्कार केला आणि म्हटलें, “मामा, तुमचें खरें होतें. मी काल फार वाईट बोललों.” त्यांनीं माझ्या पाठीवर हात ठेवला. “अरे, तार कोठें जात होती तें मला तरी कोठें माहीत होतें? माहीत नव्हतें, म्हणून तर विचारलें.”

मुलांनो, तें वाक्य मीं माझ्या वर्गांत अनेकदां सांगितलें आहे. मला माहीत नव्हतें, पण मीं विचारलें नाहीं. आमच्या दोघांतला फरक तो एवढाच.